लडकूच्या काट्याबद्दल खुलासा

आमच्या कुटुंबाला भाताच्या काट्यावर तोलण्याची कल्पना मुळात माझी नव्हती, हे प्रथम नमूद करतो. ती कल्पना सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची. मुरबाडच्या दवाखान्यात तेव्हा वजनाचं एकच यंत्र होतं आणि ते तान्ह्या पोरांचं. त्याच्या टोपलीत आमच्या हिला बसवणं शक्य नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "भाऊसाहेब, त्यात काय एवढं! लडकूच्या गिरणीत दोन-दोन पोती एका दमात तोलतात की!" मामलेदार कचेरीतल्या अव्वल कारकुनाला हे बायकोदेखत ऐकून घ्यावं लागलं. ही मात्र पदर तोंडाला लावून हसत बसली. तिला हसायला काहीही पुरायचं.

'ही' म्हणजे यमू. नाव इथं लिहिलं खरं, पण चोवीस वर्षांच्या संसारात मी तिला त्या नावानं एकदाही हाक मारली नाही. 'अगं' म्हटलं की ती यायची. घरात दोनच माणसं, तिसरं कुणी 'ओ' देण्यासारखं नव्हतंच. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. हेही आधीच सांगितलेलं बरं. पुढं कुठं हसू आलं तर खुशाल हसा, तीही हसलीच असती, पण शेवट काय तो ठाऊक असू द्या.

तर साठ सालची दिवाळी उलटली आणि हिचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी तपासून दोन गोष्टी सांगितल्या. एक, वजन निदान बारा शेरांनी उतरवायचं, म्हणजे गोड बंद. दोन, कल्याणला जाऊन लघवी तपासून आणायची. "तहान फार लागते म्हणतात वहिनी. साखर जात असली तर ते अंगावर काढण्यातलं दुखणं नव्हे. जिवावर बेततं," असं ते माझ्याकडे पाहून म्हणाले. दुसरी गोष्ट मी चिठ्ठीवर लिहून घेतली. पहिलीवर मात्र तिथंच तंटा सुरू झाला.

"गोड बंद?" ही म्हणाली. "मग गुडघे दुखलेले बरे. दुखू देत."

तिची बाजू घेतो असं नाही, पण वस्तुस्थिती सांगतो. माझ्या देखत तीन मामलेदार बदलून गेले आणि तिघांनीही निरोपाच्या भाषणात माझ्या कामाचा नव्हे, आमच्या घरच्या खांडवीचा उल्लेख केला. अनारसे हिचे, नारळाच्या वड्या हिच्या, करंजीची मुरड घालायला गावातल्या लेकीसुना हिच्याकडे शिकायला यायच्या. केलेलं वाटून झालं की उरलेलं ही चुलीपाशी एकटी बसून, पाय पसरून, डोळे मिटून खायची. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. अशा बाईला गोड बंद म्हणजे कारकुनाला शाई बंद. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बरं बाई, रोज तोळाभर. पण तोळाभर म्हणजे तोळाभर!"

आता तोळा म्हटला की सोनार आलाच. मी सोनाराकडून त्याचा जुना तराजू आणि एक तोळ्याचं वजन मागून आणलं. "काय घडवताय भाऊसाहेब?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "अनारसा." तो आठ दिवस माझ्याकडे संशयानं पाहत होता. अनारशाचा तोळा म्हणजे जेमतेम एक घास. ही तो ताटलीत घेऊन अर्धा तास खायची. मग करंजीचा प्रश्न उपस्थित झाला. तिचं म्हणणं, गोड काय ते सारण. पारी बिनगोडाची, तेव्हा ती तोलू नये. मी दोन दिवस विचार करून निकाल दिला की पारी सारणाला लागून असल्यामुळं निम्मी गोड धरावी. तिनं निकाल मान्य केला आणि दुसऱ्या दिवसापासून पारी कागदासारखी लाटू लागली.

शेजारच्या पोस्टमास्तरांच्या कमळाबाईंना हे कळलं तेव्हा त्या सुपातले तांदूळ तसेच टाकून आल्या. त्यांचं म्हणणं, गूळ उष्ण आणि साखर थंड, दोन्ही सारख्या प्रमाणात खाल्ली तर अंगाला काहीच लागत नाही. मध तर गोडात धरतच नाहीत, तो औषधात. शिवाय उपास करावेत. त्याप्रमाणे हिनं सोमवार, चतुर्थी आणि एकादशी धरली आणि साबुदाणा, रताळी, शेंगदाण्याचा लाडू या मार्गानं महिन्याभरात दीड शेर वजन वाढवलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि सांगितलं, उपास बंद, भात कमी, नाचणीची भाकरी सुरू.

"अगो बाई, नाचणी?" कमळाबाई म्हणाल्या. "ती वाडीवरची माणसं खातात."

वाडीवरची हौशी नेमकी तेव्हा मागल्या पडवीबाहेर सरपणाची फाटी टाकत होती. आमच्याकडे फाटी, करवंदं, मध, जे काय रानात मिळेल ते आणायची आणि परसात बसून भांडी घासायची. ती म्हणाली, "आमी तं रोजच नागली खातो, बाय. आमाला कुनी डागदर लागला नाय. अन् वजन उतरवायचाय का? मंग आखाडात वाडीवर ऱ्हावा आमच्यासंगती. काय करावा लागत नाय, आपसूक उतरतं." ही हसली. मग तिनं हौशीला नारळाच्या दोन वड्या दिल्या, न तोलता.

तोलण्याचं सांगायचं तर लडकूची गिरणी अमावास्येला बंद असते. म्हणजे गर्दी नाही, गाड्या नाहीत. आम्ही तो दिवस धरला. "अमावास्येला माणूस तोलू नये हो," असं कमळाबाई म्हणाल्या होत्या, पण मला चारचौघांत शोभा नको होती. लडकू बिचारा सज्जन. त्यानं टांगत्या काट्याच्या पारड्यात धुतलेलं घोंगडं अंथरलं आणि हमालाला, म्हादूला, सांगितलं, "पाठ कर रे." म्हादू भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि पाठीमागं हात करून चाचपत वजनं टाकायचा. "बसल्या का वैनी? टाकू का?" असं भिंतीलाच विचारायचा. या पद्धतीनं आमच्या हिचं पहिलं वजन भरलं दोन मण दीड शेर. लडकू सवयीनं मोठ्यानं ओरडला, "दोन मण दीड शेर!" आणि मग स्वतःच लाजून आत निघून गेला.

आता ती दुसरी गोष्ट, लघवीची. ती मी दीड महिना टाळली. कारण सांगायला लाज वाटते, पण कारण लाज हेच होतं. मुरबाडहून कल्याणला एस.टी.नं जायचं, गाडीत निम्मी कचेरी ओळखीची, आणि पिशवीत ती बाटली. कुणी विचारलं तर काय सांगावं? शेवटी पौषात एक दिवस रजा टाकली. पहाटे हिनं दवाखान्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन, भरून, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून मागल्या पडवीच्या कठड्यावर ठेवली. असली वस्तू घरात कशी ठेवणार? मी अंधूक उजेडात कठड्यावरची चिंधी उचलली, पिशवीत घातली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून कल्याण गाठलं. वाटेत शेजारच्या माणसानं विचारलं, "काय, तूप का?" मी खिडकीबाहेर पाहिलं.

तपासणीखान्यात बाकांवर पंधरा-वीस माणसं होती. पांढरा कोट घातलेला एक तरुण गृहस्थ एकेकाची बाटली घेत होता. माझी त्यानं चिंधी सोडून उजेडात धरली. तिरकी केली. आतलं काही हललं नाही. उपडी केली, तरी सावकाशच हललं. मग त्यानं बूच काढून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणाचं?"

"कुटुंबाचं," मी हळूच म्हटलं.

"कुटुंबाचं? ह्यात मेलेली माशी आहे. मधमाशी."

तो मोठ्यानं म्हणाला, "साहेब, ह्यात साखर भरपूर आहे! घरी जा आणि पोळीशी खा!"

सगळी बाकं हसली. एक म्हातारा तर खोकून खोकून लाल झाला. काय झालं होतं ते माझ्या ध्यानात आलं. हौशीला घरात यायची पद्धत नव्हती, ती आणलेला जिन्नस कठड्यावर ठेवून जायची. मधाला बाटल्या आम्हीच द्यायचो, दवाखान्याच्याच. चिंधीही आम्हीच दिलेली, हिच्या त्याच जुन्या लुगड्याची. पहाटे केव्हातरी हौशी मध ठेवून गेली होती आणि मी ती बाटली उचलली होती. मी तिथून निघालो तो थेट स्टँडवर. त्या हसण्यापुढं मला दुसरं काही दिसेना. पुन्हा म्हणून त्या दारात पाऊल टाकायचं नाही, अशी शपथ मी एस.टी.त बसल्या बसल्या घेतली.

घरी आलो तेव्हा कठडा मोकळा होता. ही चुलीपाशी होती.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

इथं मी खरं बोलायला हवं होतं. पाच मिनिटं हसली असती, पोट धरून हसली असती, आणि दुसऱ्या दिवशी मी दुसरी बाटली घेऊन गेलो असतो. पण दिवसभराचं ते हसणं माझ्या कानात होतं. मी टोपी खुंटीला लावत म्हटलं, "काही नाही निघालं. सगळं ठीक आहे."

"साखर?"

"नाही."

ती माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हात-पाय धुवा. पान वाढते."

डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. कागद कुठाय विचारलं तर घरी राहिला म्हटलं. महिन्याभरात त्यांची बदली झाली आणि कागदाचा विषयच संपला. कचेरीत मी दुसऱ्यांच्या खोट्या दाखल्यांवर लाल शाईनं शेरे मारतो. स्वतःच्या तोंडचा दाखला मात्र बिनतपासणी पास करून टाकला.

पुढचे तीन महिने आमच्या पद्धतीचा मुरबाडात डंका वाजला. वजन उतरायला लागलं. आधी शेरा-दीड शेरानं, मग भराभर. फाल्गुनात एक मण छत्तीस शेर भरलं. बायका विचारायला यायच्या, "यमूताई, गोड खाऊन कसं हो उतरतं तुमचं?" ही सोनाराचा तराजू काढून दाखवायची. टोकावड्याच्या शाळेचे हेडमास्तर मुद्दाम येऊन वहीत सगळं उतरवून घेऊन गेले. माझी छाती फुगली. दर दोन शेरांमागं तोळाभर गोड वाढवायचं, असं बक्षीस मी जाहीर केलं. एका तोळ्याचे दोन झाले, दोनाचे तीन. उन्हाळा लागला तशी ही तांब्यावर तांबे पाणी प्यायची. मी म्हणायचो, ऊनच तसं आहे. दुपारची निजायची. मी म्हणायचो, काम कमी कर. लुगडं कमरेला दोनदा गुंडाळून खोचावं लागायचं, आणि तेही मी लोकांना कौतुकानं सांगायचो.

वैशाखात एक दिवस हौशी परसातून म्हणाली, "भाऊसायेब, तुमच्या मोरीला मुंग्या लागल्यात."

जाऊन पाहिलं. मोरीचं पाणी जिथं अळवात पडतं तिथं मुंग्यांची ही रास. त्यांची रांग धरून मी उलटा आत आलो. रांग भोकातून थेट मोरीत. चुलीकडे एक मुंगी नाही, फडताळाकडे एक नाही, सगळ्या मोरीत. मी कारकून माणूस, पुरावा हातात आला की निष्कर्ष काढल्याशिवाय राहवत नाही. मुंगी कशाला येते? गोडाला. गोड मोरीत कसं आलं? कुणीतरी नेलं. घरात माणसं किती? दोन.

"मोरीत लपून खातेस?" मी विचारलं.

ती कणीक मळत होती. हात तसेच राहिले. "काय?"

"मुंग्या साक्षीला आहेत. तीन तोळे देतो रोज, तेही पुरत नाहीत? चोरून खायचं वय आहे का हे?"

"तुमच्या गळ्याची शप्पथ," ती म्हणाली. "तोळ्यावर कण खाल्ला नाही मी."

मी ऐकलं नाही. मोरीतला दगडन्‌दगड हलवून डबा शोधला. सापडला नाही, तेव्हा ती फारच हुशार झाली आहे असं ठरवलं. फडताळाला कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली आणि तराजू सोनाराला परत केला. त्या दिवसापासून घरात गोड बंद. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती रडली, तेही मोरीत जाऊन, आणि मला वाटलं, तिथंच खात असेल.

पण मग एक पेच पडला. चोरून गोड खाणाऱ्या बाईचं वजन उतरत कसं होतं? त्याच सुमारास लडकूनं मण-शेर मोडीत काढून सरकारी किलोची नवी वजनं आणली होती. वैशाखी अमावास्येला त्रेसष्ट भरलं, ज्येष्ठात अठ्ठावन्न. मी कागदावर मण-शेराचे किलो करून पाहिले. ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त उतरलं होतं. हे होणं नाही! म्हणजे एक तर ही खोटी, नाहीतर काटा खोटा. हिचा खोटेपणा मुंग्यांनी सिद्ध केला होता. तिच्या जोडीला मी काटाही खोटा ठरवला.

"काटा खोटा नाय, भाऊसायेब," लडकू म्हणाला. "नवीकोरी वजनां हायत, छाप मारलेली. वैनींची तब्येतच उतरलीय. डागदरला दाखवा."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हटलं आणि घरी जाऊन अर्ज लिहिला.

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. जिल्ह्याच्या वजनमापांच्या कचेरीला मी पाच कलमी तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: 'तक्रारदाराने सदर काट्यावर कोणता माल तोलला?' मी लिहिलं: 'कुटुंब.' उत्तर आलं: 'कुटुंब हा विक्रीचा माल नसल्याने तक्रार कोणत्या नियमाखाली घ्यावी हे कळवावे.' मी नियम शोधून कळवला. उत्तर आलं: 'मालाचे मूळ वजन व हल्लीचे वजन यांचा तक्ता जोडावा.' मी सुंदर तक्ता जोडला, रेघा लाल शाईनं मारल्या. त्या तक्त्याकडे नुसतं माणसासारखं पाहिलं असतं तरी कळलं असतं. मी रेघा सरळ आल्या का ते पाहत होतो.

निरीक्षक आले ते श्रावणात, पिठोरी अमावास्येला. मीच तो दिवस सुचवला होता, गिरणी बंद म्हणून. पाऊस धो धो पडत होता. चार पंच, लडकू, म्हादू, मी. निरीक्षकांनी पेटीतून पितळी वजनं काढून एकेक घालून पाहिली. काट्याची जीभ मधोमध उभी. पारडी अदलून-बदलून पाहिली. तशीच.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "तक्रारीतला माल आणलाय का?"

माल छत्री धरून दारात उभा होता. मीच घेऊन आलो होतो. ती पारड्याशी आली, पण तिला वर पाय उचलता येईना. म्हादू सवयीनं भिंतीकडे वळला होता. तिला धाप लागलेली ऐकून तो मागं फिरला, पुढं झाला आणि तिला हाताला धरून बसवलं. म्हणाला, "बसा, वैनी. आज मी पाठ नाय करत." पन्नासाचं वजन घातलं, वर एक किलोचं. काटा उभा राहिला. लडकू ओरडला नाही.

"एक्कावन्न," निरीक्षकांनी वहीत लिहिलं. ही माझ्याकडे बघून ओशाळं हसली, जणू तिचीच चूक. मी त्या दिवशी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं असेन. गळ्याची हाडं वर आली होती. पायाला कसलीशी पट्टी होती.

"हे काय?"

"ठेच. भरत नाही मेली. महिना झाला."

घरी येताना हौशी फाटकाशी भिजत उभी होती. तिनं हिला पाहिलं आणि मग मला म्हणाली, "आमच्या आज्याला असाच झालता. मुताला मुंग्या लागल्या का मानूस सुकत जातो. मी तुमाला बोलली व्हती, मोरीला मुंग्या लागल्यात. मला वाटला तुमी शिकलेली मानसां, तुमाला म्हायती असंल." मी तिथंच पायरीवर बसलो. तिनं सांगितलं होतं. तिनं अगदी वेळेवर सांगितलं होतं.

नव्या डॉक्टरांनी सोबत आणलेलं निळं औषध, त्यात हिची लघवी घालून, दवाखान्यातच नळीत उकळून पाहिलं. ते विटेसारखं लाल झालं. "ह्यांची आधी तपासणी झाली नव्हती?" त्यांनी विचारलं. हिनं माझ्याआधी उत्तर दिलं, "राहून गेली हो." दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला गेलो. तीच एस.टी., तोच रस्ता, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून. तिथल्या डॉक्टरांनी हात राखला नाही. सकाळ-संध्याकाळ टोचलं. पण पाय काळा पडत चालला होता आणि ताप उतरत नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी ती जरा शुद्धीवर होती. म्हणाली, "फडताळाची किल्ली कमळाबाईंना द्या. गौरी येतील आता. साच्यांना आणि मोदकपात्राला त्या हिंडत बसतील."

मी म्हटलं, "देतो." मग म्हटलं, "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी कल्याणला मी..."

"मध नेलात," ती म्हणाली.

मी खाटेशी वाकलो.

"तुम्ही गेलात आणि मी पडवीत आले तर बाटली तिथंच. चिंधी सोडून पाहिली. हसू आलं हो मला. म्हटलं, आता हे येऊन सांगतील आणि दोघं हसू." तिला धाप लागली, ती थांबली. "तुम्ही आलात तर तोंड एवढंसं. कुणीतरी हसलं असणार तुम्हाला. ती मी तेव्हाच अळवात ओतून टाकली होती. म्हटलं, कशाला विचारा. आणि मलाही बरंच झालं, साखर निघाली असती तर तोळाभरसुद्धा गेलं असतं."

"मग मी मोरीचं बोललो तेव्हा तरी म्हणायचंस! 'तुम्ही खोटं बोललात' म्हणून तोंडावर फेकायचंस!"

"तुम्हाला लाज वाटली असती," ती म्हणाली.

"यमू," मी म्हटलं. पहिल्यांदाच. तिनं डोळे मिटले होते, ऐकलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तेराव्यानंतर मी कचेरीत हजर झालो तर टेबलावर जिल्ह्याचं पाकीट. 'सदर काटा तपासला असता बरोबर आढळला. तक्रार निकाली काढण्यापूर्वी तक्रारदाराने आपले अखेरचे म्हणणे खालील रकान्यात नमूद करून सही करावी.' रकाना चांगला मोठा होता. आयुष्यात पहिल्यांदाच मला काय लिहावं ते सुचेना. लडकू, हौशी, ही, सगळे आपापल्या जागी खरं सांगत होते. मी लिहिलं, 'काट्याबाबत तक्रार नाही. तक्रारदार खोटे बोलला,' आणि सही केली.

पंधरा दिवसांनी कागद परत आला. समासात कुणा कारकुनानं लाल शाईनं शेरा मारला होता, अगदी माझ्याच पद्धतीनं: 'तक्रारदार काय खोटे बोलला, केव्हा, व कोणाशी, याचा सविस्तर खुलासा व्हावा.'

तो कागद मी सहा वर्षं तसाच टेबलाच्या खणात ठेवला होता. पुढल्या महिन्यात मी पेन्शनीत निघतो, खण रिकामा करायचा आहे. म्हणून हा खुलासा.